काडेपेटीचं गाणं

परभणी,
१२ डिसेंबर १९९३

चि. सौ. कस्तुरा,

तुला आणि लेकीला आशीर्वाद. पाकिटावर तुझं सासरचं नाव टाकलंय, नर्मदाबाई म्हणून. आत मात्र मी कस्तुराच म्हणणार. लग्नात तांदळात काढलेलं ते नाव चौदा वर्षं झाली तरी माझ्या जिभेवर बसत नाही.

बातमी अशी की आमच्या ‘गडगडाट’ बँडचा सत्कार ठरलाय. १३ फेब्रुवारीला, रविवारी, शाळेच्या मैदानावर. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं. इथल्या कलारसिक मंडळाने नवा नियम काढलाय की ज्या बँडला वीस वर्षं झाली तो ‘जुन्या जमान्यातला मानकरी’. आम्हाला येत्या साली वीस होतात. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे, माझ्या दुकानात अजून दिवसाला सहा रेडिओ दुरुस्त होतात, आणि मी जुन्या जमान्यातला झालो.

मंडळाचे अध्यक्ष कोण, विचार. दत्तराव मास्तर. आठवतात ना? पंचाहत्तरच्या गणपतीत आमची गिटार सुरू झाली तेव्हा स्वतः स्टेजमागे जाऊन फ्यूज काढून खिशात घालून घरी गेले होते. ‘हे संगीत नाही, हा गिरणीचा पट्टा तुटलाय’ म्हणाले होते. परवा तेच मास्तर माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, ‘नागनाथ, तुमच्या वेळची सर आजकालच्या पोरांना नाही.’ मला घाम फुटला. फ्यूज काढला तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती. ज्याला आपला राग यायचा त्याला आपलं कौतुक वाटायला लागलं, की समजायचं आपलं काही खरं नाही.

तू हसशील, पण या जिल्ह्यात ज्याच्या अंगावर शाल पडली त्याला पुन्हा कुणी वाजवायला बोलावलेलं मी पाहिलेलं नाही. गंगाखेडच्या सनईवाल्या बुवांचं तसंच झालं. सत्कार झाला आणि लोकांनी त्यांना मनातून पोचवलंच. सिताराम तर सत्काराचं ऐकल्यापासून ड्रमला हात लावताना खांदे चोळतोय. मूळच्या चौघांतले आम्ही दोघंच उरलोय. आमचं विसाव्या वर्षी थांबलं तर मी नुसता रेडिओवाला.

असो. एक चांगली गोष्ट केली आहे. पत्रिकेत मूळ मंडळींची नावं द्यायची आहेत, म्हणून ‘गीतलेखन : कु. कस्तुरा, झरी’ असं लिहून दिलंय. काडेपेटीचं गाणं शेवटी घेणार. त्याच्याशिवाय लोक उठतच नाहीत. ‘काडीपेटी वापस द्या’ ही ओळ आली की सगळा मांडव हात पुढे करतो. एकोणऐंशीला तुझं कार्ड आलं, की माझं नाव काढ, ‘पारंपरिक’ म्हण. तेव्हापासून मी पारंपरिकच म्हणत आलो. पण आता सत्कार आहे. सासरी तुला कस्तुरा म्हणून ओळखतं कोण? माहेरचं नाव टाकलं म्हणजे काम झालं.

तुझा,
नागनाथदादा

----

१९ डिसेंबर १९९३

ती. नागनाथदादा यांस नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं पीठ हातातच राहिलं. माझं नाव काढ. हे पत्र मिळाल्याबरोबर जा आणि काढ.

तुला वाटतं इथे कस्तुरा कुणाला माहीत नाही. लग्नात मला भांडी कुणी दिली? तुझ्याच बापाने, म्हणजे माझ्या काकांनी, आणि माझ्या मामांनी. एकेका भांड्यावर नाव घालून दिलं आहे, ‘चि. सौ. कां. कस्तुरा हिस’. हंड्यावर आहे, परातीवर आहे, बारा वाट्यांवर आहे. माझे सासरे भगवानराव चौदा वर्षं ज्या तांब्याने पाणी पितात त्याच्या पोटावर ‘कस्तुरा, झरी’ असं ठोकलेलं आहे. या घरात माझ्या नव्या नावाने मला हाक मारतात आणि जुन्या नावाने जेवतात. पत्रिका घरात आली की मामंजी ती चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

मला त्या गाण्याशी जोडू नकोस. कारण विचारू नको. सासरचं घर आहे, एवढं समज.

आणखी एक. यापुढे पत्र माझ्या नावावर टाकू नको. म्हाळसाबाईच्या नावाने टाक. ती आमच्या मळ्याच्या कडेला शेरडं राखते. तिला अक्षर येत नाही, तिची सगळी पत्रं मीच वाचून देते, म्हणून कुणाला काही वाटायचं नाही.

शालीचं मनाला लावून घेऊ नकोस. तू जुना झाला नाहीस.

कस्तुरा

----

परभणी,
२ जानेवारी १९९४

चि. कस्तुरा,

बाई, तू इतकी भित्री कधीपासून झालीस? आमच्या माडीवर राहून कॉलेज केलंस तेव्हा गॅदरिंगला प्रिन्सिपलसमोर उभी राहून माईक हातात घेतला होतास. भांड्यांचं माझ्या ध्यानात आलं नाही, हे कबूल. पण लेक चौथीत असताना शाळेत हेच गाणं म्हणून बक्षीस घेऊन आली, असं तूच कळवलं होतंस. तेव्हा घर कोसळलं नाही. सुनेने कधीकाळी एक गमतीचं गाणं लिहिलं म्हणून आता कोण तुला विहिरीत ढकलतो?

आणि आता ऐक, म्हणजे तुझी भीती जाईल. मंडळाला प्रमुख पाहुणे हवे होते. मांडवाचा आणि जेवणाचा भार उचलेल असा माणूस मास्तर शोधत होते. तुझे सासरे तयार झाले. शाली त्यांच्याच हातून. मास्तर सांगत होते, भगवानराव म्हणाले, ‘ते काडीपेटीवालं गाणं हाय न्हवं त्यांचं? नातीनं म्हणून दाखवलं हुतं. येतो की.’ बघ. त्यांना गाणं आवडतं. सून म्हणून तुझं नाव निघालं तर मानाने मिरवतील.

पत्रिका अजून छापखान्यात गेलेली नाही. संक्रांतीनंतर जाईल. एकदा शांत डोक्याने विचार कर आणि कळव.

नागनाथ

----

६ जानेवारी १९९४

दादा,

हे पत्र वाचून चुलीत घाल. वहिनीला दाखवू नको.

अठ्ठ्याहत्तरचा श्रावण आठव. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलं होतं. सिताराम आठ दिवस गायब होता. मग आईला आणि भावाला घेऊन तुझ्या दुकानात आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. तू चहा मागवलास, मी जिन्यात बसले होते. त्याने सांगितलं ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. दिवस मावळायच्या आत लोक आले. एक माणूस मागे उभा होता. त्याने हातसुद्धा लावला नाही. त्याने नुसती आपली काडेपेटी पोरांना दिली. छप्पर पेटलं, आणि तो शांतपणे म्हणाला, ‘काडीपेटी वापस द्या, पाव्हनं, माझी विडी राह्यली.’

नाव सितारामने सांगितलं नाही, ना माणसाचं, ना गावाचं. आपण विचारलं नाही. मी त्याच महिन्यात गाणं लिहिलं. तू त्याला ती धावती चाल लावलीस, कारण रडकी चाल लावली तर पोलीस बंद करतील म्हणालास. लोक हसायला लागले. पहिल्या वर्षी हसता हसता काही जण गप्प व्हायचे. नंतर कुणी गप्प होईनासं झालं.

लग्न होऊन मी इथे आले. तिसऱ्या महिन्यात मी चहा घेऊन ओसरीवर गेले होते. सालगड्याने मामंजींची काडेपेटी घेतली होती. ते म्हणाले, ‘काडीपेटी वापस द्या, पाव्हनं, माझी विडी राह्यली.’ तेच शब्द, दादा. त्यांची ती बोलायची सवयच आहे. सालगड्याला, सोयऱ्याला, तलाठ्याला, सगळ्यांना ते पाव्हनं म्हणतात. माझ्या हातातली बशी पडली. सासूबाई म्हणाल्या, नवी आहे, हात कापतो. मग मी म्हाळसाबाईला विचारलं, सितारामचं घर कुठे होतं. तिने मळ्याच्या पलीकडची पडीक जागा दाखवली. हेच ते गाव.

दुसऱ्या दिवशी मी तुला कार्ड टाकलं.

आता तूच सांग. त्यांच्यासमोर ते गाणं म्हणणार, आणि खाली माझं नाव. ते सितारामच्या खांद्यावर शाल घालणार. सितारामचा भाऊ परत येऊन याच गावात कामाला आहे, त्याची बायकापोरं इथे आहेत. मला चौदा वर्षांत एक रात्र धड झोप लागलेली नाही. मी मामंजींचं अन्न खाते, त्यांची सेवा करते, लेकीला आजोबांच्या मांडीवर बसवते. त्यांनी मला कधी उणा शब्द ऐकवला नाही. आणि मला त्यांची भीती वाटते. दोन्ही खरं आहे.

नाव काढ. जमलं तर गाणंही काढ. आणि सितारामला विचार, सोयरीक जमली तेव्हा तो का बोलला नाही.

कस्तुरा

----

परभणी,
२४ जानेवारी १९९४

चि. कस्तुरा,

उत्तराला उशीर झाला. चौदा तारखेला विद्यापीठाच्या नावाची घोषणा झाली. आमच्या रस्त्याला अर्ध्या लोकांनी पेढे वाटले आणि अर्ध्यांनी शटर ओढून घेतली. एस.टी. कधी सुरू, कधी बंद. मी दुकान अर्धं उघडून बसतो, आणि कुणी जोरात पाऊल टाकलं तरी मान वर करतो. संक्रांतीला तिळगूळ कुणाला द्यायचा हे लोक आधी आजूबाजूला बघून ठरवत होते.

तुझं पत्र जाळलं. पण पाठ झालं आहे. सोळा वर्षं मी त्या गाण्यावर नाचायला लावतोय लोकांना, आणि तुला भित्री म्हणालो. मला माफ कर असं लिहायचीही लाज वाटते.

सितारामला विचारलं. तो बराच वेळ ड्रमची कातडी दाबून बघत बसला. मग म्हणाला, ‘तुमच्या घरची सोयरीक जमली त्या दिवशी मी तुमच्या दुकानात दिवसभर बसलो हुतो. च्यासुदीक घेतला न्हाई. बोलावं म्हनलं. पर म्या बोलल्यावर तुमी कुनाचं ऐकनार हुता? अन् नाव माझ्या तोंडून गेलं म्हनून उद्या भावाला कोन जिता ठिवनार हुतं?’

मला तो दिवस आठवतो. मला वाटलं होतं, तू बँड सोडून जाणार म्हणून तो रुसला. मी त्याची चेष्टा केली होती.

मी म्हणालो, गाणं काढू या. तर तो माझ्याकडे बघायला लागला. ‘सोळा वर्सं वाजवायलोय मी. ज्याच्यासाठी वाजवायलोय त्यो आता ऐकायला यायलाय, अन् तुमी बंद करा म्हनायलात?’

त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही. मला भीती वाटते, कस्तुरा. भगवानरावांना कळलं तर तुझं काय, त्याच्या भावाचं काय, आणि सध्याच्या दिवसांत त्या मैदानावर काय होईल. आणि नाही कळलं तर सितारामचं काय, याचीही भीती वाटते.

पत्रिका छापून आली आहे. तुझं नाव नाही. ‘गीत : पारंपरिक’ एवढंच आहे. निश्चिंत राहा, असं म्हणवत नाही.

नागनाथ

----

परभणी,
१५ फेब्रुवारी १९९४

चि. कस्तुरा,

तू बायकांच्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी बसली होतीस. पदर डोळ्यांपर्यंत होता, म्हणून तुला काय दिसलं आणि काय नाही, ते मला कळलं नाही. मला स्टेजवरून जे दिसलं ते सांगतो.

शाली झाल्या. भगवानरावांनी सितारामला जवळ ओढलं, माईकवर म्हणाले, ‘हा आमच्याच गावचा पोरगा. आमच्या गावाचं नाव काढलं यानं.’ टाळ्या पडल्या. सिताराम खाली बघत होता.

मग गाणं घेतलं. सितारामने आयुष्यात वाजवलं नसेल असं वाजवलं. माझी बोटं तारांवरून घसरत होती आणि नजर पहिल्या रांगेवर होती. ‘काडीपेटी वापस द्या’ आलं. सगळा मांडव हात पुढे करून ओरडला. भगवानरावांनीही हात पुढे केला. ते हसत होते, कस्तुरा. मोकळं, पोटातून. शेजारच्या दत्तराव मास्तरांच्या मांडीवर थाप मारत होते. गाणं संपलं तेव्हा उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘पुन्हा एकदा होऊ द्या.’

आम्ही पुन्हा म्हटलं.

त्यांना ओळखच पटली नाही. मला आधी हायसं वाटलं, खोटं का बोलू. तू वाचलीस, सितारामचा भाऊ वाचला, मैदानात दगड पडला नाही. सामान बांधताना सितारामला तसं म्हणालो. तो म्हणाला, ‘त्यो हासला, नागनाथ. त्याला याद बी न्हाई. आता वाजवून काय करू?’ शाल घडी करून माझ्या हातात दिली आणि पायी घरी गेला. काल निरोप आला, ड्रम विकून टाका.

शालीची भीती मी उगाच धरली नव्हती. गाणं खरोखरच जुनं झालं. ज्याच्या छातीत ते लागायला हवं होतं त्यालाही ते गोड वाटायला लागलं. आता बँडमध्ये मूळचा मी एकटाच, आणि एकट्याने काय म्हणू?

तुझा,
नागनाथदादा

----

२३ फेब्रुवारी १९९४

ती. नागनाथदादा यांस,

म्हाळसाबाईच्या खोपटात बसून लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे.

मैदानावर मीही पाहिलं ते हसणं. पण खरी भीती मला घरी आल्यावर कळली. मामंजी गाणं गुणगुणायला लागले. आंघोळीला गुणगुणायचे, मोटारसायकलला किक मारताना गुणगुणायचे, उसाला पाणी सोडताना गुणगुणायचे. नातीला दोन ओळी आठवेनात तर त्यांनी सांगितल्या. आठ दिवस हे चाललं. आधी मी त्यांना कळेल म्हणून घाबरत होते. या आठ दिवसांत मला वाटायला लागलं की त्या श्रावणात काही घडलंच नव्हतं आणि मीच कुठलं तरी स्वप्न चौदा वर्षं उराशी धरून बसले. रोज उठून त्या पडीक जागेकडे बघून यायची, जागा आहे ना म्हणून.

तुझं पत्र परवा मिळालं. सितारामचं वाक्य वाचलं आणि मग माझ्याने भाकरी थापवेना.

काल दुपारी ओसरीवर पाहुणे होते. गंगाखेडचे दोघं, आणि माझे मालक दिनकररावही होते. सत्काराचा विषय निघाला. मामंजी म्हणाले, ‘गानं म्हनावं तर त्येच. जुनं हाय, आपल्या आज्या-पंज्याच्या काळचं. आता असं कोन लिव्हतंय?’

मी चहा घेऊन दारात उभी होते. बोलायचं ठरवलं नव्हतं, दादा. पण शब्द निघाले. मी म्हणाले, ‘मामंजी, ते मी लिहिलं. अठ्ठ्याहत्तर साली.’

पाहुणे हसले. दिनकरराव म्हणाले, काहीतरीच काय. मामंजींनाही कौतुकच वाटलं. ‘आरं वा. कशावर सुचलं गं तुला?’

मी म्हणाले, ‘सितारामच्या घरावर. पलीकडच्या पडीत होतं ते.’

मामंजी माझ्याकडे बघत होते. चौदा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं, आणि मीही पदर खाली ओढला नाही. त्यांचे ओठ जरा हलले. मला वाटतं मनातल्या मनात ते गाण्याची ओळ म्हणून बघत होते. ती ओळ कुणाची, ते त्यांना तेव्हा कळलं. मला त्यांच्या तोंडावर दिसलं. इतका मोठा माणूस, पण एकदम म्हातारा दिसायला लागला.

पाहुण्यांना त्यांनी लवकर वाटेला लावलं. मग मला विचारलं, ‘कुठं छापलंय का नाव तुझं?’

मी नाही म्हणाले.

‘आनिक कुनाला म्हाईत हाय?’

मी म्हणाले, ‘सितारामला. नागनाथदादाला. आता यांना.’ दिनकरराव जमिनीकडे बघत होते.

‘छापू नगं,’ एवढंच बोलून ते आत गेले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. रात्री जेवले नाहीत. दिनकरराव माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाईंनी मला विचारलं, तुझी ट्रंक कुठे असते. त्या का विचारत होत्या ते मला माहीत नाही. कदाचित मी चार दिवसांत झरीला असेन, कदाचित इथेच. मला धाडलं तर लेकीला ठेवून घेतील. मला फार भीती वाटते आहे, दादा. सितारामच्या भावाला मी सकाळीच म्हाळसाबाईकडून निरोप पाठवला, चार दिवस पेडगावला बायकोच्या माहेरी जा म्हणून. तो गेला.

पण मी तुला वेगळंच सांगायला बसले आहे. आज सकाळी मामंजी आंघोळीला गेले. मी चुलीपाशी कान देऊन बसले होते. पाण्याचा आवाज आला, बादलीचा आला. बाकी काही नाही. दुपारी गाडीला किक मारली, तेव्हाही काही नाही. आत्ता उसाच्या बांधावर उभे आहेत, मला इथून दिसतात. गप्प आहेत.

ड्रम विकू नको. सितारामला सांग, ते आता गुणगुणत नाहीत. गाणं जुनं झालेलं नाही. आणि पुढच्या वेळी कुठेही म्हणाल, तेव्हा पारंपरिक म्हणू नका. आधी माझं नाव घ्या. दोन्ही नावं घ्या, माहेरचं आणि सासरचं.

कस्तुरा